ताकद बाटलीत नसते

“बाई, अंगात ताकदच राहिली नाही बघा. एक सलाईन लावा, म्हंजी जरा तरतरी येईल.” धाराशिव असो, कळंब असो की परंडा, आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही दवाखान्यात दिवसातून चार-पाच वेळा तरी हे वाक्य कानावर पडते. बाजाराच्या दिवशी जरा जास्तच. ज्वारीची काढणी आटोपली, लग्नसराई संपली, नवरात्राचे उपवास सुटले की या मागणीला ऊत येतो. पेशंट आजार सांगत नाही, थेट उपचारच सांगतो. ‘तुम्हाला सलाईनची गरज नाही’ असे डॉक्टरांनी म्हटले की त्याचा चेहरा पडतो आणि तो पलीकडच्या दवाखान्याची पायरी चढतो.

वाचकहो, आजच्या लेखात मला एकच गोष्ट तुम्हाला पटवून द्यायची आहे. ताकद ही बाहेरून अंगात ओतण्याची वस्तू नाही. ती आपल्या शरीरातल्या कोट्यवधी पेशींमध्ये क्षणाक्षणाला ताजी तयार होते आणि तिथेच खर्च होते. ती कशी तयार होते हे एकदा समजले, म्हणजे अशक्तपणा वाटल्यावर डॉक्टरांकडे काय मागायचे हेही आपोआप समजेल.

बाटलीत असते तरी काय?

आधी हिशेब करू. हिशेबाला आपली माणसे पक्की असतात. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत निर्जंतुक पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असते. त्यातून मिळणारी ऊर्जा शून्य. ‘ग्लुकोजची बाटली’ म्हणून जी लावतात, तिच्यात बहुधा पाच टक्के ग्लुकोज असते. म्हणजे अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम. साधारण पाच लहान चमचे साखरेइतके. त्यातून ८५ ते १०० कॅलरी मिळतात. आता आपली ज्वारीची भाकरी घ्या. साठ ग्रॅम पिठाची मध्यम भाकरी धरली तरी तिच्यातून २०० कॅलरी मिळतात. शिवाय थोडी प्रथिने, थोडे लोह आणि तंतू मिळतात ते वेगळेच. म्हणजे ग्लुकोजची एक बाटली अर्ध्या भाकरीच्याही बरोबरीची नाही. शेतात राबणाऱ्या बाईला दिवसाला दोन हजारांहून अधिक कॅलरी लागतात. त्या बाटलीतून द्यायच्या म्हटल्या तर वीस-बावीस बाटल्या लावाव्या लागतील!

‘पिवळी सलाईन’ जास्त जोरदार, असाही एक समज आहे. तो पिवळा रंग ब गटातल्या जीवनसत्त्वांचा असतो. ही जीवनसत्त्वे पेशीला कामात मदत करतात हे खरे. पण ज्याच्या शरीरात ती कमी नाहीत, त्याच्या अंगात ती साठत नाहीत. दोन तासांनी पिवळी लघवी होते, ती पुष्कळदा आपलेच पैसे वाहून नेत असते.

ज्वारीचे पोते आणि हातातली रोकड

मग ताकद येते कुठून? घरात ज्वारीची दहा पोती असली, तरी एस.टी.चे तिकीट ज्वारी देऊन काढता येत नाही. ज्वारी मोंढ्यावर न्यावी लागते, विकावी लागते आणि हातात सुट्टे पैसे घ्यावे लागतात. शरीराचेही तसेच आहे. आपण खाल्लेली भाकरी, तेल, डाळ हे पोत्यातले धान्य. पेशीला ते जसेच्या तसे खर्च करता येत नाही. पेशीच्या बाजारात एकच नाणे चालते. त्याचे नाव ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट, थोडक्यात ए.टी.पी. हृदयाचा ठोका असो, पापणीची उघडझाप असो, मेंदूतला विचार असो की डोक्यावरची पाण्याची घागर असो, प्रत्येक कामाचे मोल याच नाण्यात चुकवावे लागते.

या नाण्याची गंमत अशी की ते साठवून ठेवता येत नाही. शरीरात कोणत्याही क्षणी ए.टी.पी. फार थोडे असते. पण तेच नाणे पुन्हा पुन्हा फिरते. खर्च झाले की भरले, भरले की खर्च झाले. नुसत्या बसून राहिलेल्या माणसाच्या शरीरातसुद्धा दिवसभरात सुमारे ४० किलो ए.टी.पी. तयार होते आणि मोडते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. झोपेतही हा व्यवहार थांबत नाही. आपला मेंदू वजनाने शरीराचा जेमतेम पन्नासावा भाग, पण आराम करीत असतानाच्या एकूण खर्चाचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटाच उचलतो. म्हणून हा पुरवठा अडला की सर्वांत आधी डोके जड होते, गरगरते, कामात लक्ष लागत नाही.

पेशीतले वीजघर

ही नाणी पाडण्याची टांकसाळ म्हणजे पेशीतली तंतुकणिका. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात मुलांनी तिचे चित्र पाहिलेच असेल. तांबड्या रक्तपेशी सोडल्या तर जवळजवळ प्रत्येक पेशीत या तंतुकणिका असतात. जी पेशी जास्त कष्टाची, तिच्यात त्या जास्त. हृदयाच्या स्नायूत तर त्या खच्चून भरलेल्या असतात.

तिथे काय घडते? अन्न पचून रक्तात आलेले ग्लुकोज पेशीत शिरते. तिथे त्याचे तुकडे होतात आणि ते तुकडे तंतुकणिकेत जाऊन टप्प्याटप्प्याने जळतात. हे जळणे चुलीसारखे भडक्याचे नसते. हॅन्स क्रेब्ज यांनी १९३७ साली या टप्प्यांचे चक्र मांडले आणि १९५३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापुढचा भाग समजायला कोयना धरण डोळ्यांसमोर आणा. धरणात पाणी उंचावर अडवतात. ते खाली सोडले की त्याच्या जोराने चक्र फिरते आणि वीज तयार होते. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्याआड पाण्याऐवजी हायड्रोजनचे धनभारित कण अडवलेले असतात. अन्न जळताना मिळालेल्या शक्तीने ते एका बाजूला ढकलले जातात आणि परत येताना एक अतिसूक्ष्म चक्र फिरवतात. त्या चक्राच्या फिरण्यातून ए.टी.पी. तयार होते. पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६१ साली ही कल्पना मांडली, तेव्हा तिच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९७८ साली त्यांनाच नोबेल मिळाले. ते चक्र खरोखर गरगर फिरते, हे दाखवणाऱ्या कामासाठी पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ सालचे नोबेल विभागून मिळाले.

या सगळ्यात प्राणवायूचे काम काय? आपण श्वास घेतो तो याचसाठी. जळणाच्या शेवटच्या टप्प्याला प्राणवायू लागतो. तो मिळाला नाही तर वीजघर बंद पडते. प्राणवायूशिवाय ग्लुकोजच्या एका रेणूपासून पेशीला फक्त २ ए.टी.पी. मिळतात. प्राणवायू असेल तर ३० ते ३२. आम्ही मेडिकल कॉलेजात होतो तेव्हा पुस्तकात ३८ हा आकडा होता, पुढे मोजमाप सुधारले. पण मुद्दा तोच. इंधन कितीही भरा, प्राणवायू पोहोचला नाही तर पंधरा हिस्से ताकद वाया जाते.

इंधनाची टंचाई कितपत असते, हेही पाहू. दरवर्षी कोजागरी पौर्णिमेला हजारो भाविक सोलापूरहून तुळजापूरला पायी येतात. अंतर साधारण ४५ किलोमीटर. साठ किलो वजनाच्या माणसाला त्यासाठी पंधराशे ते दोन हजार कॅलरी लागतात. पहिली काही पावले स्नायूतल्या तयार साठ्यावर पडतात. मग यकृतात आणि स्नायूत साठवलेली साखर कामी येते आणि तिच्या जोडीला चरबी जळू लागते. एक किलो चरबीत सुमारे साडेसात हजार कॅलरी असतात आणि मध्यम बांध्याच्या माणसाच्या अंगावर आठ-दहा किलो चरबी सहज असते. म्हणजे भवानीच्या दारापर्यंतच काय, त्याच्या किती तरी पुढे जाण्याइतके इंधन जवळ असते. तेव्हा चारचौघांसारखे जेवणारा माणूस ‘ताकद नाही’ म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा इंधन संपलेले नसते. ते जळत नसते. का जळत नाही, हा खरा प्रश्न असतो. बाटली लावली की हा प्रश्न विचारायचाच राहून जातो. माझी तक्रार आहे ती इथे.

गिरणीतल्या बाया आणि एक गोळी

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच महाराष्ट्रात सापडले. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटशी संबंधित राहून त्यांनी कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांचा अभ्यास केला. या बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत, त्यांना चालवत नसे, पुष्कळ जणी दगावत. त्यांच्या जेवणात भाजीपाला, डाळ, दूध फार कमी असते हे विल्सबाईंच्या लक्षात आले. १९३१ साली त्यांनी प्रसिद्ध केले की यीस्टचा अर्क दिल्यावर या बायकांचे रक्त भराभर सुधारते. त्या अर्कात नेमके काय आहे हे तेव्हा माहीत नव्हते. पुढे कळले, ते होते फॉलिक ॲसिड. हे नाव पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आले. पालेभाजीत ते असते, म्हणून.

ही गोष्ट पुढे दुसऱ्या एका भारतीय माणसाशी जाऊन मिळते. आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव मद्रासला डॉक्टरी शिकले. महात्मा गांधींच्या हाकेला ओ देऊन त्यांनी खादी वापरली, म्हणून त्यांना एम.बी.बी.एस.ऐवजी खालची पदवी मिळाली, असे त्यांच्याविषयी सांगतात. पुढे अमेरिकेत हार्वर्डला सायरस फिस्क यांच्याबरोबर त्यांनी १९२७ साली स्नायूतला तयार शक्तिसाठा, म्हणजे फॉस्फोक्रिएटिन, शोधून काढला आणि १९२९ साली ए.टी.पी. शोधले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनाही ते स्वतंत्रपणे सापडले होते. त्यानंतर औषध कंपनीत गेलेल्या याच सुब्बारावांच्या नेतृत्वाखाली १९४५ साली फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार झाले. १९४८ साली ते वारले. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव अजूनही नीटसे आलेले नाही, याची खंत वाटते.

आज अंगणवाडीत आणि उपकेंद्रात गरोदर बाईला जी लाल गोळी फुकट मिळते, तिच्यात लोहाबरोबर हेच फॉलिक ॲसिड असते. गिरणीतल्या बायांच्या हालांतून आणि या दोघांच्या कष्टांतून ही गोळी आपल्या दारात आली आहे. आणि आपण काय करतो? ‘गोळीने मळमळतं, काळं शौच होतं’ म्हणून ती डब्यात टाकून देतो आणि पैसे मोजून बाटली लावून घेतो. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. काळ्या शौचाला घाबरण्याचे कारण नाही, ते न शोषलेले लोह असते.

कडी नेमकी कुठे तुटते?

पहिली आणि सर्वांत मोठी कडी रक्ताची. फुफ्फुसातला प्राणवायू पेशीपर्यंत वाहून नेतो तो रक्तातला लाल पदार्थ, हिमोग्लोबिन. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर प्राणवायू उचलते. बाईच्या रक्तात ते १२ च्या वर असावे. ते ६ असेल तर निम्माच प्राणवायू पोहोचणार आणि वीजघर अर्ध्यावर चालणार. शिवाय तंतुकणिकेतल्या यंत्राचे काही भागही लोहाचेच बनलेले असतात. त्यामुळे लोह कमी पडले की दोन्हीकडून मार बसतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरपैकी ५४ स्त्रियांत रक्त कमी आढळले. म्हणजे घरात दोन बायका असतील तर त्यांतली एक.

एक उदाहरण सांगते. चाळिशीची एक बाई ऊसतोडीचा हंगाम संपवून परतली होती. पायऱ्या चढताना धाप, छातीत धडधड, दिवसभर थकवा. हंगामात दोन-तीन ठिकाणी तिला बाटल्या लावल्या गेल्या होत्या. दोन दिवस बरे वाटायचे, पुन्हा तेच. तिच्या पापण्या आतून कागदासारख्या पांढऱ्या होत्या. हिमोग्लोबिन साडेपाच भरले. खोदून विचारल्यावर म्हणाली, “दोन वर्सं झाली बाई, पाळीला लई अंगावर जातं. कुणाला सांगावं?” तिच्या थकव्याचे मूळ तिथे होते. तिला मोठ्या दवाखान्यात पाठवले, रक्त द्यावे लागले, गर्भाशयाच्या आजारावर इलाज झाला आणि लोहाच्या गोळ्या पुढे कित्येक महिने चालल्या. आज ती कामाला जाते. इतके रक्त कमी असताना भराभर सलाईन सोडली तर थकलेल्या हृदयावर ताण येऊन जिवावर बेतू शकते, हे मुद्दाम सांगते.

दुसरी कडी मधुमेहाची. या आजारात रक्तात साखर भरपूर असते, पण तिला पेशीचे दार उघडून देणारी इन्शुलिनची किल्ली कमी पडते किंवा नीट चालत नाही. धान्याचे कोठार भरलेले आणि घरातले उपाशी, अशी गत. त्यातून थकवा, तहान, वारंवार लघवी, वजन उतरणे ही लक्षणे दिसतात. ‘मी तर बारीक आहे, मला कशाची साखर?’ असे म्हणू नका. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबरचा आपला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला. उंचीच्या हिशेबात दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! आपण भारतीय वरून बारीक दिसलो तरी आतून चरबीदार असतो आणि म्हणून मधुमेह आपल्याला लवकर गाठतो, हे त्यांनी जगाला दाखवून दिले. आता विचार करा, अशा न तपासलेल्या पेशंटला थकव्यासाठी ग्लुकोजची बाटली लावली तर काय होईल?

तिसरी कडी थायरॉईडची. गळ्यातली ही ग्रंथी पेशीतल्या भट्टीची आच कमी-जास्त करते. तिचा रस कमी पडला की वजन वाढते, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ होते, केस गळतात आणि माणूस दिवसभर पेंगतो. एका रक्ततपासणीत हे कळते आणि रोजच्या एका छोट्या गोळीने आटोक्यात येते.

चौथी कडी जीवनसत्त्व ब-१२ ची. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक गरोदर बायकांत हे जीवनसत्त्व कमी आढळले. ते धान्यात किंवा भाजीत नसते. दूध, दही, ताक, अंडी, मांस, मासळी यांत असते. ज्या घरातले सगळे दूध डेअरीला जाते आणि घरच्या सुनेच्या वाट्याला काळा चहा येतो, त्या घरात हा आजार हमखास असतो. हातापायांना मुंग्या आणि थकवा एकत्र असतील तर ही शंका घ्यावी.

पाचवी कडी दीर्घ आजाराची. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे, भूक मेलेली अशी लक्षणे असतील तर बाटलीच्या नादी न लागता थुंकी तपासा. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

सहावी कडी मनाची. सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग गळालेले, झोप नाही, कशातच गोडी नाही. कर्ज, नापिकी, पोरीचे लग्न यांची काळजी माणसाला असे पोखरते. हे नाटक नव्हे आणि दुबळेपणाही नव्हे. हा आजार आहे आणि तो बरा होतो. अशा वेळी डॉक्टरांशी मोकळेपणी बोलावे किंवा सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.

मग बाटलीने बरे का वाटते?

हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेलच. कारणे साधी आहेत. एरवी दिवसभर एक क्षण न टेकणारी बाई बाटलीच्या निमित्ताने तासभर पंख्याखाली निवांत पडते. घरचे कोणी तरी उशाशी बसते, विचारपूस करते. उन्हाळ्यात अंगातले पाणी कमी झालेले असेल तर ते भरून निघते, हाही खरा फायदा. पण तेच काम दोन तांबे पाणी आणि मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत करते. काही ठिकाणी बाटलीत स्टेरॉईडचे इंजेक्शन मिसळतात. त्याने दोन दिवस अंगदुखी पळते, भूक लागते, माणूस ताजातवाना वाटतो. वरचेवर घेतले तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि मूळ आजार आत वाढत राहतो. आमच्या व्यवसायाने या गोष्टीकडे डोळेझाक करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पेशंट मागतो म्हणून देणे हा इलाज नव्हे, ती दुकानदारी झाली. आणि पेशंटनेही लक्षात ठेवावे की दर वेळी टोचलेली सुई ही जंतूंना उघडलेली वाट असते.

याचा अर्थ सलाईन वाईट, असा मुळीच नाही. जुलाब-उलट्यांनी पाणी पार आटलेले, पाणी पोटात ठरत नाही, अपघातात रक्त वाहून गेलेले, उष्माघात झालेला, अशा वेळी सलाईन जीव वाचवते. तिथे क्षणाचाही विलंब करू नये. पण साध्या जुलाबात ओ.आर.एस.चे पाणीच पहिले औषध. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर पटकीच्या असंख्य रोग्यांना वाचवले, हा इतिहास आहे.

तेव्हा असे करा

अशक्तपणा पंधरा दिवसांहून जास्त टिकला तर डॉक्टरांना सांगा, “माझं रक्त, साखर आणि गरज वाटली तर थायरॉईड तपासा.” हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. पाळीत जास्त जाते का, मूळव्याधीतून रक्त पडते का, हे न लाजता सांगा. अनवाणी शेतात जाणाऱ्यांनी जंताचे औषध विचारून घ्यावे. काही जंत पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात आणि आतड्यात बसून रक्त पितात.

जेवणात भाकरीबरोबर डाळ, हुलगे, मेथी, अंबाडी, शेंगदाण्याची चटणी रोज असू द्या. भाजीवर लिंबू पिळा, आंबट फळ खा. त्याने लोह शोषले जाते. जेवताना आणि जेवल्यावर लगेच चहा घेऊ नका, तो लोह अडवतो. शाळेत पोरींना आठवड्याला मिळणारी निळी गोळी त्या खातात की दप्तरात ठेवतात, हे आईने पाहावे.

तपासणीत काही निघाले नाही तर रोज अर्धा तास भरभर चाला. थकलेल्याला चालायला सांगणे उफराटे वाटेल. पण १९६७ साली जॉन होलोझी यांनी उंदरांना रोज पळवून दाखवून दिले की सरावाने स्नायूतल्या तंतुकणिकांची ताकद जवळजवळ दुप्पट होते. माणसातही तेच घडते. झोपून राहिले की वीजघरे बंद पडत जातात, चालते राहिले की नवी उभी राहतात. छातीत दुखते, धाप लागते अशांनी मात्र आधी तपासून घ्यावे.

आणि शेवटची विनंती घरच्या पुरुषांना. बाटलीचे पैसे द्यायला तुम्ही मागेपुढे पाहत नाही, ही चांगली गोष्ट आहे. तेच पैसे महिनाभराच्या दुधाला, अंड्यांना आणि एका रक्ततपासणीला खर्च करा. घरातली बाई सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले खाते, तिला सगळ्यांबरोबर बसवा. तिच्या पेशीही तुमच्याच पेशींसारख्या आहेत. त्यांना भाकरी लागते, रक्त लागते आणि थोडा विसावा लागतो.